दोन रिकाम्या जागा

सकाळी जाग आल्या आल्या नलिनीबाईंनी पाय पुसायला पंचा मागितला.

"चिखल लागलाय गं पायांना. गादीवर डाग पडतील."

ऋजुताने पंचा आणून दिला. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. लातुरात नळाला आठ दिवसांनी पाणी येत होतं आणि आसपास कुठे पाऊल बुडेल एवढा चिखल नव्हता. सासूबाईंचे तळवे कोरडे होते, टाचांना भेगा होत्या. तरी त्यांनी ते मन लावून पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनही पंचा फिरवला आणि मग समाधानाने पाय खाली सोडले.

"आजही तरीवर गेला होतात का, आई?"

"हो. फार धुकं होतं. पाणी दिसतच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं." नलिनीबाई खिडकीकडे बघत होत्या. "धनू होता. निळा शर्ट घातलेला. खांद्याला ती ऑफिसची पिशवी."

"बोलला काही?"

"बोलेल. घाई काय आहे."

ऋजुता पंच्याची घडी घालत तिथेच उभी राहिली. तर म्हणजे खाडी ओलांडून नेणारी होडी. हा शब्द कोकणातला. नलिनीबाईंचं माहेर औशाचं, सगळी नोकरी लातूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. होडीत त्या जन्मात बसल्या नव्हत्या. पण गेले दोन महिने रोज सकाळी त्या तरीवरूनच परत येत होत्या. मचव्याच्या फळ्या कशा ओल्या असतात, पलीकडच्या काठावरून कोणी हाक मारली की नावाडी मान न वळवता कसा हात वर करतो, हे सगळं त्या सांगायच्या. आणि ऋजुता रोज विचारायची, धनू काही बोलला का.

धनंजय ऋजुताचा नवरा. तीन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या त्याचं हृदय थांबलं. त्याच्या दोनच महिने आधी, दिवाळीत, नलिनीबाईंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. हात सुधारला, बोलणं सुधारलं, पण डोक्यातली एक जागा कायमची दुखावली. जुनं सगळं लख्ख आठवायचं. नवीन काही टिकायचं नाही. मुलगा गेल्याचं त्यांना सांगितलं, त्या ऊर फुटेस्तोवर रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "धनू उठला का?"

ऋजुताने पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. चाळीस दिवस ती रोज सांगत राहिली आणि चाळीस दिवस त्या माउलीचा मुलगा रोज नव्याने मेला. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता थांबा. तेव्हापासून सकाळी "धनू गेला का?" असं आईंनी विचारलं की ती म्हणायची, "गेला, आई." खोटं नव्हतं. मग आई उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून बसायच्या आणि स्कूटरच्या आवाजाकडे कान लावायच्या. संध्याकाळपर्यंत. रोज.

आईंना निद्रापट्टी मिळाली ती दीड वर्षापूर्वी. दिसायला साधी, कपाळावर बांधायची कापडी पट्टी. तिचं काम समजायला गाढ झोप समजून घ्यावी लागते. माणूस गाढ झोपला की मेंदूत साधारण सेकंदाला एक या गतीने संथ लाटा उठतात. प्रत्येक लाटेच्या माथ्यावर मेंदू दिवसभरातलं काहीतरी पुन्हा चाळतो आणि ते तात्पुरत्या जागेतून उचलून कायमच्या जागी ठेवतो. नेमक्या त्या माथ्यावर एखादा ओळखीचा आवाज अगदी हळू ऐकवला, तर त्या आवाजाला चिकटलेली आठवण पक्की होते. अर्धा सेकंद उशीर झाला, की आवाज फुकट जातो. पट्टी रात्रभर या लाटा पाहत असते आणि त्यांच्या माथ्यावर आवाजाचा एकेक छोटा तुकडा अलगद ठेवत असते.

आवाज तीनच. त्यापेक्षा जास्त दिले तर एकाचाही उपयोग होत नाही. कुठले द्यायचे ते घरच्यांनी ठरवायचं. ऋजुताने आईंसाठी दुसरा जुन्या टेलिफोन बोर्डाचा आवाज निवडला होता, तिसरा स्वतःचा, रोजच्या गोष्टी सांगणारा, आणि सर्वांत पहिला धनंजयचा. त्याच्या फोनवरून आलेला एक निरोप तिच्याकडे राहिला होता: "आई, मी निघालोय. तासाभरात पोचतो."

पट्टीने फरक पडला होता. समोर राहायला आलेल्या बाईंचं नाव आईंना आठवू लागलं, गॅसचं नवीन बटण कुठे आहे ते कळू लागलं. धनूचं मात्र कळलं नाही, कारण ते त्यांना सांगायचं सगळ्यांनीच सोडून दिलं होतं. दिवसा जे ऐकलंच नाही ते रात्री पक्कं कसं होणार?

आणि मग फेब्रुवारीच्या शेवटी ही तर आली. आईंनी उंबऱ्याजवळ बसणं सोडलं. त्या नीट जेवू लागल्या, गुणगुणू लागल्या. "गेला का?" हा प्रश्न बंद झाला, कारण त्याची भेट तर नुकतीच झालेली असायची. ऋजुताला पहिल्यांदा ते विचित्र वाटलं, मग हलकं वाटलं, आणि मग, हे तिने कोणाजवळ बोलून दाखवलं नाही, ती स्वतःच सकाळची वाट पाहू लागली. आज त्याने कुठला शर्ट घातला होता, केस कापलेत का. तिच्या स्वतःच्या स्वप्नात तो कधी आला नव्हता.

◆

ऋजुताची नोकरी त्याच पट्टीशी जोडलेली होती, पण फार दुरून. पट्ट्या बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याच होत्या. त्या सगळ्या एकच सॉफ्टवेअर लायब्ररी वापरायच्या. लायब्ररी म्हणजे तयार करून ठेवलेलं काम, ज्याला हवं त्याने उचलून आपल्या यंत्रात बसवावं. हिचं नाव 'लहर'. एक विश्वस्त संस्था ती सांभाळायची आणि सर्वांना खुली ठेवायची. लहरमध्ये काय काय आहे, कुठली आज्ञा कशी द्यायची, हे सांगणारी संदर्भ पानं होती, साडेचार हजार. मराठी पानांचं काम ऋजुता घरी बसून करायची. मजकूर लिहायचा नाही, तो लिहिणारे वेगळे. तिने फक्त मांडणी दुरुस्त करायची: मथळा ठळक करायचा, सुटलेला कंस बंद करायचा, चुकून जोडल्या गेलेल्या दोन ओळी सोडवायच्या.

पूर्वी अशी पानं माणसं वाचायची. एखादी ओळ वाकडी झाली तरी वाचणारा समजून घ्यायचा. आता ती यंत्रं वाचत होती. नवी पट्टी पहिल्यांदा सुरू झाली की ती त्या घराच्या भाषेतली पानं स्वतःच वाचायची आणि त्या झोपणाऱ्यापुरता आपला कार्यक्रम स्वतःच लिहायची. पानांत बदल झाला की पुन्हा वाचायची. मध्ये कोणी माणूस नव्हता. यंत्र समजूतदार होतं, पण समजून घ्यायचं कुठे आणि अक्षरशः मानायचं कुठे, हे त्याला मांडणीवरूनच कळायचं. चौकटीतलं उदाहरण. चौकटीबाहेरची आज्ञा.

त्या गुरुवारी सकाळी ऋजुताने नेहमीप्रमाणे वाचकांच्या तक्रारींची पेटी उघडली. बहुतेक तक्रारी यंत्रांनीच पाठवलेल्या असायच्या. एक मात्र माणसाची होती, बोललेली. सिन्नरहून उषाताई गुळवे नावाच्या बाई बोलत होत्या, आणि बहुधा त्यांना आपण कुठे बोलतोय हेही नीट ठाऊक नव्हतं.

"कोणाला सांगायचं कळत नाही म्हणून इथे सांगते. आमच्या ह्यांना दोन वर्षांपासून पट्टी आहे. छान चाललं होतं. माझ्या हातचा आवाज दिला होता आम्ही, बांगड्यांचा, त्याने ते मला ओळखायचे. आता दोन महिने झाले, रोज होडीचं बोलतात. आमच्याकडे कुठली होडी? काल सकाळी मी चहा दिला, तर हात जोडून मला म्हणाले, बाई, मला पलीकडे सोडाल का. चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला. चिडचिड करत नाहीत हो, उलट फार गोड वागतात. पण ते माझ्याशी गोड वागत नाहीत, कुणातरी परक्या बाईशी वागतात. एवढंच सांगायचं होतं."

ऋजुताने ते दोनदा ऐकलं. मग तिने पेटीत 'होडी' हा शब्द शोधला. एकशे साठ नोंदी निघाल्या. परभणी, मालेगाव, सातारा, इंदूरमधलं एक मराठी घर. तपशील वेगवेगळे होते. कोणाच्या होडीत त्याची बहीण होती, कोणाच्या शाळेतले मास्तर. पण पाणी, धुकं, पलीकडची हाक आणि पोचण्याची अजिबात घाई नसणं, हे सगळीकडे सारखं होतं. बहुतेकांची तक्रार नव्हतीच. 'बाबा आता शांत झोपतात, धन्यवाद,' असंच पुष्कळांनी कळवलं होतं.

तेवढ्यात नलिनीबाई तिच्या खोलीच्या दारात आल्या. चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि फार अदबीने म्हणाल्या, "अहो, जरा पाणी मिळेल का?"

ऋजुता उठली. पाणी दिलं.

"तुम्ही इथेच राहता का?" आईंनी विचारलं.

बावीस वर्षांत आईंनी तिला 'तू' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. रागाच्या भरातही नाही. तिने पेला परत घेतला आणि म्हणाली, "हो. इथेच."

"बरं आहे घर," नलिनीबाई म्हणाल्या.

◆

पान सापडायला दुपार झाली. पान तीनशे बारा, 'आवाजांचा क्रम कसा ठरवावा'. त्यावर उदाहरणाची एक चौकट होती आणि चौकटीचा नियम असा, की आतली प्रत्येक ओळ दोन रिकाम्या जागा सोडून सुरू झाली पाहिजे. आठ ओळी तशा होत्या. नववी नव्हती. ती समासाला चिकटली होती, म्हणजे चौकटीबाहेर पडली होती, म्हणजे आज्ञा झाली होती:

प्रत्येक लाटेच्या माथ्यावर आधी 'तर-०१' वाजवावा.

उदाहरणापुरता दिलेला एक नमुना आवाज गेले दोन महिने एकोणीस हजार मराठी घरांत प्रत्येक लाटेवर सर्वांत आधी वाजत होता. घरच्यांनी दिलेले आवाज त्याच्या मागे, उतरत्या लाटेवर पडत होते. लगेच मागून येणारा पहिला आवाज तेवढा तरीला बांधला जात होता, कारण लागोपाठ आलेल्या दोन गोष्टींची मेंदू आपोआप गाठ मारतो. म्हणून आईंच्या होडीत धनू होता. मागचे दोन वाया जात होते. आईंच्या यादीत तिसरा आवाज ऋजुताचा होता.

पानावर झालेल्या बदलांचा इतिहास उघडायचं तिला धाडस होईना. उघडला. फेब्रुवारीची सव्वीस तारीख. 'ओळींच्या सुरुवातीच्या अनावश्यक रिकाम्या जागा काढल्या, एकूण सहाशे चाळीस पानं.' खाली नाव होतं, ऋजुता पाथरे.

तिला तो दिवस आठवला. काम लवकर संपलं म्हणून तिने त्या संध्याकाळी आईंना टेकडीवर फिरायला नेलं होतं.

तिने 'तर-०१' ऐकला. वल्ह्याचा पाण्यात पडण्याचा आवाज, लाकडाची बारीक कुरकुर, आणि मग लांबून, पाण्यावरून वाहत आलेली एक तरुण हाक: "तरीऽऽ होऽऽ". एवढंच. अकरा सेकंद. ती खुर्चीत मागे रेलून पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. खिडकीबाहेर लातूरचं पांढरं ऊन होतं. चौथ्या वेळी तिला वाटलं, आपल्याही पायाखालची फरशी जराशी हलली.

तिने डिमेलोसरांना फोन लावला. जोसेफ डिमेलो वसईचे. तरुणपणी लहरची पहिली ओळ त्यांनी लिहिली होती आणि आता साठीला आले तरी संस्थेचा सगळा भार त्यांच्यावरच होता. ऋजुताने काही न लपवता सांगितलं.

ते म्हणाले, "ती हाक माझी आहे. बावीस वर्षांचा होतो. वडील तर चालवायचे आमच्या खाडीवर. पूल होणार असं ठरलं होतं, म्हणजे तर बंद होणार होती, म्हणून मी एका सकाळी पलीकडच्या काठावर उभा राहून ते टिपून ठेवलं. नमुना म्हणून दुसरं काही सापडलं नाही तेव्हा तेच टाकलं पानावर."

"सर, दुरुस्ती लगेच करायला हवी."

"हो. करायलाच हवी. ऋजुता, एकोणीस हजार घरं म्हणालीस ना? माझ्या वडिलांच्या तरीत एका वेळी बारा माणसं मावायची."

"सर, सिन्नरच्या बाईंचा निरोप पाठवते. ऐका."

त्यांनी ऐकला. तिला फोनवर तो त्यांच्या बाजूने वाजताना ऐकू आला, शेवटपर्यंत. मग ते कोरड्या आवाजात म्हणाले, "कधी बदलतेस?"

"उद्या सकाळी करते. मला आजची दुपार द्या. आमच्या घरातही पट्टी आहे."

"तुझ्या आईंना?"

"सासूबाईंना."

"ज्यांना तर हवीच असेल त्यांना ती देता येईल," डिमेलो हळूच म्हणाले. "तीन आवाजांतला एक म्हणून. घरच्यांनी स्वतः निवडला तर. पण मग दुसरा एखादा काढावा लागेल."

◆

दुपारच्या झोपेनंतर तासभर नलिनीबाईंचं डोकं स्वच्छ असायचं. तेवढ्या तासात समजावलेलं त्यांना समजायचं, उलट प्रश्नही करायच्या. फक्त रात्र ओलांडून ते पलीकडे जायचं नाही. ऋजुताने चहा केला, त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"मी कोण, आई?"

"काय विचारतेस गं. ऋजू." सकाळचं पाणी त्यांच्या गावीही नव्हतं.

मग तिने सांगितलं. पट्टी, लाटा, पान तीनशे बारा, दोन रिकाम्या जागा. आई बशीत चहा ओतून ऐकत होत्या. एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली बाई. कुठली तार कुठे जोडली गेली की कोणाचा आवाज कोणाला ऐकू येतो, हे त्यांना निराळं समजवावं लागलं नाही.

"म्हणजे चुकीची लाइन लागली," त्या म्हणाल्या.

"हो. माझ्या हातून."

"लागते." त्यांनी बशी खाली ठेवली. "मग तर जाणार."

"उद्या बदललं की जाईल. पण तुम्हाला हवी असेल तर ठेवता येईल. तीनातला एक काढायचा आणि तिथे तर घालायची. माझा आवाज काढू. मी तर घरातच असते, दिवसभर दिसते तुम्हाला."

हे तिने आधीच ठरवलं होतं. पान सापडल्यापासून चहा होईपर्यंत एवढंच तिच्या मनात चाललं होतं. रोज सकाळी आईंनी 'अहो' म्हटलं तरी चालेल. धनू भेटत राहील. दोघींना.

नलिनीबाईंनी रिकामा कप बशीत ठेवला.

"तो पाठमोरा असतो," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"धनू. पुढच्या फळीवर बसलेला असतो, माझ्याकडे पाठ करून. मी मागे. रोज वाटतं, आता वळेल. हाक मारावी तर तोंडून आवाज फुटत नाही. बरं वाटतं गं, नाही म्हणत नाही. पण किती दिवस पाठच बघायची?" मग त्यांनी एकदम विचारलं, "खरा कुठाय तो?"

गेली तीन वर्षं ऋजुताने या प्रश्नाला बगल दिली होती. आज तिने दिली नाही. तिने सांगितलं.

आईंचे हात मांडीवर स्थिर होते. त्यांचा चेहरा ऋजुताने चाळीस वेळा कोसळताना पाहिला होता; ती पुढे सरकून बसली. पण या वेळी त्या रडल्या नाहीत. कदाचित आधीच्या चाळीस दिवसांनी आत कुठेतरी वाट घासून ठेवली होती.

"त्रास झाला का त्याला?"

"नाही म्हणतात."

"म्हणतात ते सोड. तुला काय वाटतं?"

"मिनिटभर झाला असेल, आई. पाण्याची बाटली हातातून पडली होती म्हणे."

"हं." नलिनीबाईंनी पदराने ओठ टिपले. "आणि हे मी उद्या विसरणार."

"हो."

"आणि परवा परत तुला विचारणार. तू सांगणार, नाहीतर गप्प बसणार. तीन वर्षं एकटीनेच चालवलंयस हे?"

ऋजुताने कप-बशी उचलून बाजूला ठेवली.

"भूकंपाच्या वेळी तीन दिवस बोर्डावरून उठले नव्हते मी," आई म्हणाल्या. "पुण्याहून, मुंबईहून माणसं विचारायची, आमच्या गावात कोण राहिलंय. इकडून जो निरोप यायचा तो जसाच्या तसा पुढे द्यायचा. आमच्यातली एक मुलगी रडायला लागली, म्हणाली, मी नाही सांगू शकत, मी सांगते की अजून कळलं नाही. सुपरवायझर तिला म्हणाले, तू सांगितलं नाहीस तर तो माणूस फोनपाशीच बसून राहील." त्या सावरून बसल्या. "तर नको मला. आणि तुझा आवाज काढायचा नाही. धनूचा निरोप काय ठेवलायस तू?"

"मी निघालोय, तासाभरात पोचतो."

"तो काढ."

"आई."

"अगं, तो रोज रात्री निघालोय म्हणतो आणि सकाळी येत नाही. म्हणून तर मी दारात बसायची. तो तुझ्याजवळ असू दे, फोनमध्ये, मनात आलं की ऐक. माझ्यासाठी दुसरा भर. मीच बोलते. माझं ऐकेन मी."

ऋजुताने फोन पुढे धरला. नलिनीबाईंनी घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि तीस वर्षांपूर्वीच्या स्वच्छ, सपाट, न घाबरवणाऱ्या आवाजात बोलल्या:

"नलिनी, निरोप आहे. धनू गेला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, ऑफिसात. मिनिटभर त्रास झाला. ऋजू घरी आहे."

मग त्यांनी बोटाने खूण केली, बंद कर, आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

◆

शुक्रवारी सकाळी ऋजुताने पान तीनशे बारा उघडलं आणि नवव्या ओळीच्या सुरुवातीला दोन रिकाम्या जागा घातल्या. ओळ चौकटीत गेली. पडद्यावर ते एखादा माणूस दारातून आत यावा इतकं लहान आणि मुकाट दिसलं. बदलाच्या टिपेत तिने लिहिलं: 'या दोन जागा फेब्रुवारीत मी काढल्या होत्या. चूक माझी. परत घातल्या आहेत.' उरलेली सहाशे एकोणचाळीस पानं तिने पुढच्या चार दिवसांत हाताने, ओळ न् ओळ तपासली. आणखी कुठे काही सुटलेलं नव्हतं.

डिमेलोंनी सगळ्या घरांना पत्र पाठवलं. त्यात दिलगिरी होती, खुलासा होता, तर ठेवायची असल्यास ती कशी ठेवावी ते होतं, आणि शेवटी एक ओळ त्यांची स्वतःची होती: 'काही दिवस तुमच्या माणसाला होडी आठवेल. बोलायचं असेल तर ऐकून घ्या.' तीनशेच्या आसपास घरांनी तर ठेवली. बाकीच्यांची एकेका सकाळी विरत गेली. कोणाला पाणी ओसरताना दिसलं, कोणाला होडी काठाला लागल्याचं, कोणाला काहीच नाही. उषाताईंचा पुन्हा एक निरोप आला, अगदी छोटा. यजमानांनी चहात साखर कमी आहे म्हणून नावाने हाक मारून कुरकुर केली होती.

नलिनीबाईंनी पंचा मागणं चार दिवसांत थांबवलं. मधले काही दिवस कठीण गेले. त्या कुठेच नव्हत्या. उंबऱ्याजवळ बसत नव्हत्या आणि गुणगुणतही नव्हत्या. सकाळी धनूचं विचारायच्या आणि ऋजुता आता दरवेळी खरं सांगायची. दिवसा ऐकलेलंच रात्री पक्कं होतं, हे ती एव्हाना शिकली होती. आई ऐकायच्या, खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. दहाव्या दिवशी ऋजुताने वाक्य सुरू करायच्या आतच त्यांचे डोळे भरून आले, जणू पुढचे शब्द त्यांना माहीत होते. पंधराव्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. दिवसभर नाही. तिला 'तू' मात्र म्हटलं, दोनदा.

मे महिन्याच्या एका रविवारी ऋजुता उठून स्वयंपाकघरात आली तर नलिनीबाई तिच्या आधी उठलेल्या होत्या. कपाळावरची पट्टी काढून त्यांनी तिची नीट घडी घातली होती. ओट्याशी उभं राहून त्या शेंगा सोलत होत्या. तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "तीन वर्षं झाली म्हणजे तिसरं वर्षश्राद्धही होऊन गेलं असेल."

ऋजुता दारातच थांबली. तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"हो, आई."

"मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं असेल. मी नव्हते." त्यांनी एक शेंग फोडली. "बस जरा. त्या दिवसाचं सांग मला. सगळं सांग, मधलं गाळू नकोस. फोन कोणी केला?"

ऋजुता पाटावर बसली. तिने सांगायला सुरुवात केली. फोन ऑफिसातल्या कुलकर्ण्यांचा आला. ती रिक्षाने गेली. रिक्षावाल्याने वाटेत पेट्रोल भरलं, तेव्हा ती त्याला काहीच बोलली नाही. दवाखान्यातल्या पलंगावर धनंजयच्या एका पायात मोजा होता, एकात नव्हता. आई मध्ये मध्ये विचारत होत्या: औशाहून कोण आलं, पाऊस होता का, खांदा कोणी दिला, मी कुठे होते. "तुम्ही आतल्या खोलीत होतात," ऋजुता म्हणाली. "तुमच्याजवळ शेजारच्या काकू बसल्या होत्या. तुम्ही त्यांना तिळगूळ देत होतात." नलिनीबाईंनी मान हलवली, लांबून परत आलेल्या माणसाला गावातल्या बातम्या सांगाव्यात तशा त्या एकेक गोष्ट घेत होत्या आणि आत कुठेतरी ठेवत होत्या. शेंगांची टरफलं परातीत साचत गेली. उन्हाचा पट्टा ओट्यावरून खाली उतरला, फरशीवर आला, ऋजुताच्या पावलांपर्यंत पोचला. तिचं सांगून संपलं तेव्हा साडेदहा वाजले होते. एवढं सलग ती या तीन वर्षांत कोणाशीच बोलली नव्हती.

नलिनीबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि विचारलं, "आणि सगळे गेल्यावर? रात्री तुझ्याजवळ कोण झोपलं?"

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"कोणी नाही," ऋजुता म्हणाली.

नलिनीबाई ओट्याचा आधार घेत हळूहळू खाली बसल्या. गुडघे वाजले. त्यांनी तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं, आणि ऋजुता तीन वर्षांनी पहिल्यांदा मोठ्याने रडली.